तंगूस, तळपाय आणि दहा ग्रॅम : प्रकल्प नोंदी

१८ जून २०२४

तालुका विज्ञान प्रदर्शनासाठी विषय ठरवायला नववीची पाच मुलं आज शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत थांबली. सौर चूल, पाणी गाळायचं यंत्र, ज्वालामुखी, असे नेहमीचे विषय निघाले. मी माझा विषय पुढे ठेवला : त्वचेला स्पर्श आणि तापमान कसं कळतं. मुलांचे चेहरे पडले. यात मांडून दाखवायचं काय, असं त्यांना वाटलं असणार. मग मी घरची गोष्ट सांगितली. विषय तिथूनच आला आहे, तो लपवून मला शिकवता आलं नसतं.

जानेवारीत एका रात्री आईचे पाय गार पडले म्हणून मी तिच्या पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवली. सकाळी ती उठली, तोंड धुतलं, ओटीवर जाऊन बसली, चहा घेतला. लादीवर पावलागणिक ओला डाग दिसला म्हणून मी तिचा डावा पाय उचलून बघितला. करंगळीच्या खाली, कडेला, जुन्या रुपयाएवढा फोड येऊन फुटला होता. आई म्हणाली, "मला कुठे काय झालंय?" चौदा वर्षांची शुगर आहे तिला. जखम भरायला सात आठवडे गेले.

त्याच पायाची रात्री आग होते. इतकी, की ती पाय पांघरुणाबाहेर काढून गार फरशीला टेकवते. आग होते म्हणजे पायात जीव आहे, असं शेजारच्या मावशी म्हणायच्या, आणि मलाही ते पटलं होतं.

शेवटच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, भाजलेलं कळत नाही, मग आग कशी कळते?"

वहीच्या पहिल्या पानावर तोच प्रश्न लिहून घेतला. विषय ठरला.

२१ जून

सुरुवात केसांच्या आकड्यांनी. आकड्याची दोन टोकं फाकवायची, मधलं अंतर पट्टीवर मोजायचं, डोळे मिटलेल्या जोडीदाराच्या त्वचेवर दोन्ही टोकं एकदम टेकवायची आणि विचारायचं, एक की दोन? मधूनच एकच टोक टेकवायचं, म्हणजे अंदाजाने उत्तर देणारा सापडतो. लाइपझिगमध्ये एर्न्स्ट वेबरने हे काम कंपास घेऊन केलं, १८३४ मध्ये ते छापलं. आमच्या कंपासपेटीतला कर्कटक फार टोकदार, म्हणून आकडे.

बोटाच्या टोकावर २ ते ३ मिलिमीटर अंतर असलं तरी दोन टोकं वेगळी कळली. तळहातावर ८ ते १०. पायाच्या अंगठ्यावर १० च्या पुढे. हाताच्या पोटरीवर ३५ ते ४०. पाठीवर एका मुलाला ४५ मिलिमीटरवरही "एकच" वाटलं. त्याला ते खरं वाटेना. दुसऱ्याने मोबाइलवर फोटो काढून दाखवला, तेव्हा त्याने पाठीला हात लावून बघितला, जणू पाठ कुणा दुसऱ्याची आहे.

बोटाच्या टोकाशी मज्जातंतूंची टोकं दाटीने आहेत आणि मेंदूतही बोटांसाठी भरपूर जागा राखलेली आहे. पाठीला त्या मानाने फारच थोडी.

२६ जून

काल संध्याकाळी स्टीलचं ताट आणि लाकडी पाट शेजारी शेजारी ठेवून गेलो होतो. आज सकाळी सगळ्यांनी हात लावून सांगितलं, ताट गार आहे, पाट नाही. मग कोरोनाच्या काळात शाळेने घेतलेली थर्मामीटरची बंदूक काढली. ती पाटावर २८ दाखवते आणि ताटावर ३१! म्हणजे हाताला गार लागणारं ताट बंदुकीच्या मते जास्त गरम. इथे अर्धा तास गेला, पण तो सार्थकी लागला. चकचकीत स्टील स्वतःची उष्णता फार कमी फेकतं आणि समोर उभ्या असलेल्या मुलीच्या अंगाची उष्णता आरशासारखी परत पाठवतं. ताटावर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि पट्टीवर बंदूक धरली. २८.

दोन्ही २८ च. तळहाताची त्वचा साधारण ३३. स्टील हातातली उष्णता भराभर ओढून घेतं, लाकूड हळू घेतं. त्वचेत बसलेल्या टोकांना ताटाचं तापमान कळत नाही, त्यांना स्वतःचं तापमान आणि ते किती वेगाने उतरतंय एवढंच कळतं. "ताट गार आहे" हे आपण म्हणतो. त्वचा म्हणते, "मी गार होतेय." वाक्य मुलांना आवडलं, फळ्यावर राहू दिलं.

दुपारी गार ठिपके शोधले. हाताच्या पोटरीवर पेनाने २ सेंटिमीटरचा चौकोन, त्यात १०० बारीक चौकटी. बर्फाच्या पाण्यात बुडवून पुसलेला खिळा एकेका चौकटीला हलकेच टेकवायचा. बहुतेक चौकटींत नुसतं टेकल्याचं कळतं, आणि मग एखाद्या चौकटीत अचानक थंडगार सुईसारखं काहीतरी चमकतं. तो क्षण प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसतो. १०० पैकी २३ चौकटींत गार लागलं. मग कोमट पाण्यातल्या खिळ्याने तेच केलं. ऊब फक्त दोन चौकटींत लागली. स्वीडनमध्ये मॅग्नस ब्लिक्सला १८८० च्या दशकात हेच सापडलं होतं : गारव्याचे ठिपके वेगळे, उबेचे वेगळे, आणि उबेचे फार थोडे.

मला वाटायचं, त्वचा म्हणजे एक सलग कापड. आज ती दूर दूर पेरलेल्या शेतासारखी दिसली, एका वाफ्यात एक पीक, दुसऱ्यात दुसरं.

२९ जून

तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा धागा, आला. ज्याच्या वडिलांची होडी आहे त्या मुलाने चार जाडीचे तुकडे आणले. सध्या मासेमारी बंद, बंदरावर सगळीकडे जाळी दुरुस्त करणं चालू आहे, त्यामुळे तुकड्यांना तोटा नाही.

तंगूस कशाला, तर स्पर्शाचं माप हवं म्हणून. नुसतं बोट लावून "कळतं का?" विचारण्यात अर्थ नाही, माझं बोट आज हलकं, उद्या जड. जर्मन शरीरशास्त्रज्ञ माक्स फॉन फ्राय याने १८९० च्या दशकात काडीला केस चिकटवून ही अडचण सोडवली. केस उभा टेकवून दाबत गेलं की एका ठरावीक जोराला तो वाकतो. एकदा वाकला की कितीही दाबा, त्वचेवरचा जोर फारसा वाढत नाही. हात थरथरला तरी माप टिकतं. फार सुंदर युक्ती आहे ही. पुढे केसांच्या जागी नायलॉनचा धागा आला. शुगरच्या रुग्णांचे पाय तपासताना डॉक्टर आज जो धागा वापरतात, तो १० ग्रॅमला वाकतो. तेवढाही तळपायाला कळला नाही, तर पायाचं रक्षण करणारी जाणीव गेली असं धरतात.

एका मुलाने मुरुडच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या घोड्याच्या शेपटीचे केसही आणले होते, मालकाला विचारून. ते वहीत चिकटवले.

सोनारकामाचा छोटा काटा घेतला आहे, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. रिकाम्या बॉलपेनच्या नळीच्या टोकाला आडवं भोक पाडून त्यात तंगूस फेविक्विकने बसवला, म्हणजे पेन आडवं आणि तंगूस उभा. तो काट्याच्या थाळीवर दाबायचा आणि वाकताना आकडा वाचायचा.

स्क्रू गेजवर ०.५० मिलिमीटर भरलेला तंगूस : ४५ मिलिमीटर लांब असताना ७.२ ग्रॅमला वाकला. ४० ला कापला, ९.१. ३८ ला, १०.१.

३८ मिलिमीटर! विकत मिळणाऱ्या धाग्याची लांबीही साधारण तेवढीच असते. मुलांनी बाक वाजवले.

गणित दहावीच्या पुढचं आहे, पण नियम सांगितला. धागा वाकवणारा जोर जाडीच्या चौथ्या घातावर वाढतो आणि लांबीच्या वर्गाने कमी होतो. जाडी दुप्पट तर जोर सोळापट. म्हणून ०.३० चा तंगूस त्याच लांबीला जेमतेम १.३ ग्रॅमला मान टाकतो, आणि ०.२० चा पाव ग्रॅमला.

७ जुलै, रविवार

आज आईचे पाय तपासले. दोघी मुली घरी आल्या होत्या. आईने त्यांना आधी आंबोळ्या खायला घातल्या, मग खाटेवर पाय सोडून बसली.

प्रत्येक पायाच्या चार जागा : अंगठ्याचं पोट, आणि अंगठा, मधलं बोट, करंगळी यांच्या खालचा चवडा. घट्टे टाळायचे, तिथली कातडी मेलेली असते. धागा टेकवून इंग्रजी सी सारखा वाकेपर्यंत दाबायचा, एखादा सेकंद धरायचा, उचलायचा. घासायचा नाही.

पहिल्या फेरीत आई प्रत्येक वेळी "हो" म्हणाली. धागा लावलाच नव्हता तेव्हाही तीनदा "हो". ती खोटं बोलत नव्हती. मुलीची हालचाल तिला जाणवायची, बांगडी वाजायची, आणि पायाला काहीतरी लागलं असं तिला खरोखर वाटायचं. सत्तर वर्षं जो पाय सांगत आला, तो आता गप्प आहे हे कुणाला आपणहून कळेल?

मग पद्धत बदलली. दोनदा विचारायचं, "आत्ता? की आत्ता?" त्यातल्या एकाच वेळी धागा टेकवायचा. मुलीने बांगड्या काढून ठेवल्या. उजवा पाय, चारपैकी दोन. डावा, चारपैकी एक.

डाव्या अंगठ्याच्या वेळी आईने डोळे उघडले. तंगूस अंगठ्यावर पूर्ण वाकलेला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. "टेकवलायस?" तिने मुलीला विचारलं. मुलगी रडवेली झाली. आई बराच वेळ बोलली नाही, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे तो फोड माझ्या वेंधळेपणाने नाही आला."

सहा महिने ती हे मनात घेऊन होती. मी तिला कधी बोलले नव्हते, पण वेंधळेपणा नव्हता असंही कधी म्हणाले नव्हते.

नंतर दोन परीक्षानळ्या, एकीत माठातलं पाणी, दुसरीत ४० अंशांचं. बाहेरून कोरड्या पुसून आधी माझ्या हाताला लावून बघितल्या. गुडघ्यावर आईने चटकन ओळखलं. घोट्यावर थोडा विचार करून. बोटांपाशी दोन्ही सारख्याच, "काहीतरी दाबलंस" इतकंच.

१० जुलै

दोन दिवस पावसाने डोकं वर काढू दिलं नाही. आज आलेल्या तिघांना घेऊन धागे पुन्हा काट्यावर धरले आणि घाबरायला झालं. १०.१ चा धागा ८.३ ला वाकतोय. काटा बिघडला म्हणून मापाचं वजन ठेवून बघितलं, काटा बरोबर. दुसरा धागा, ८.४.

नायलॉन हवेतलं पाणी पितं आणि मऊ पडतं. पापड सादळतो तसं. बंद गुंडीतून काढलेला तंगूस २९ जूनला कडक होता, दहा-अकरा दिवस उघड्या खणात राहून तो सादळला. म्हणजे रविवारी आईला टेकवला तेव्हाही तो १० चा नसणार. तिला कळला नाही तो धागा कदाचित ९ चाच होता.

हे वहीत ठळक लिहिलं आहे, खोडलेलं नाही.

उपाय : एक धागा औषधाच्या बाटलीत, ओल शोषणाऱ्या पुड्यांबरोबर, झाकण घट्ट लावून. एक तांदळाच्या डब्यात. एक उघडा. चार दिवसांनी बघू. आणि यापुढे दर तपासणीच्या आधी काटा, त्याशिवाय नाही. एका धाग्याने सलग दहाजणांपेक्षा जास्त लोकांना तपासत नाहीत, नंतर त्याला एक दिवस विश्रांती देतात, याचंही कारण आता समजलं. वाकून वाकून तोही थकतो.

पाऊस थांबेना म्हणून मुलांना २०२१ च्या नोबेलची गोष्ट सांगितली. बैरूतमध्ये जन्मलेले आर्डेम पटापुटियन आणि त्यांचे सहकारी अमेरिकेत काचेच्या अतिबारीक नळीने पेशीला टोचत होते. टोचलं की ती पेशी विजेचा बारीकसा इशारा द्यायची. कुठल्या जनुकामुळे, हे शोधायला त्यांनी ७२ जनुकांची यादी केली आणि एकेक बंद करून टोचत गेले. पेशी गप्प झाली ती यादीतल्या शेवटच्या जनुकाला. त्यातून सापडलेल्या प्रथिनाला पिएझो नाव दिलं, ग्रीकमध्ये दाबाला तसा शब्द आहे. त्याचं भावंड पिएझो-२, आपल्याला हलका स्पर्श कळतो तो मुख्यतः त्याच्यामुळे. पेशीच्या पडद्यात बसवलेलं दार आहे ते, पडदा ताणला की उघडतं. २०१० ची गोष्ट.

"बाई, एकाहत्तरला सोडलं असतं तर?" एकाने विचारलं. उत्तर द्यायची गरज नव्हती.

१४ जुलै

बाटलीतला ११.०. तांदळातला १०.२. उघडा ८.१. बाटलीतला जरा जास्तच कडक झाला. आम्ही तांदूळ पक्का केला.

१६ जुलै

आज पहिल्या पानावरचा प्रश्न घेतला.

ठेच लागल्याचं आठवा, म्हटलं. आधी आपटल्याचं कळतं, मग झणझणतं, आणि मग ती खोल, जळजळणारी कळ येते. कळतं आधी, कळ येते मागून. मुलांनी लगेच मान हलवली, कारण हे सगळ्यांनी भोगलेलं आहे. याचं कारण तारा वेगवेगळ्या आहेत. स्पर्शाची बातमी जाड, आवरण असलेल्या तंतूंतून सेकंदाला ३५ ते ७५ मीटर वेगाने जाते. तीक्ष्ण वेदना आणि गारवा बारीक तंतूंतून, ५ ते ३० मीटर. जळजळ आणि ऊब आवरण नसलेल्या, सगळ्यांत बारीक तंतूंतून, अर्धा ते दोन मीटर. अंगठ्यापासून कमरेपर्यंत एक मीटर धरला, तर जळजळीची बातमी पोचायला अर्धा ते दोन सेकंद.

मग मिरची. मे महिन्यात मसाला कुटताना हाताची आग होते तेव्हा हात किती अंशांवर असतो? बंदूक लावली तर ३३ च दाखवेल. साधारण ४३ अंशांच्या वर उघडणारं एक दार उष्णता आणि वेदना नेणाऱ्या तंतूंच्या टोकांवर असतं, टीआरपीव्ही-१. मिरचीतलं कॅप्सेसिन तेच दार न भाजता उघडतं. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये मिरचीच्याच मागावर जाऊन ते शोधलं, २०२१ च्या नोबेलचे दुसरे मानकरी तेच. पेपरमिंट गारव्याचं दार उघडतं, टीआरपीएम-८, जे एरवी २६ अंशांच्या खाली उघडतं. मेंदू हात बघत नाही. कुठली तार वाजली एवढंच त्याला कळतं. (मिरची तेलात विरघळते, पाण्यात नाही. म्हणून हाताला आधी खोबरेल, मग साबण. हे आमच्या घरात नोबेलच्या आधीपासून माहीत होतं.)

आता आईचा पाय. तंतूची पेशी मणक्याजवळ, आणि तिचं टोक एक मीटर लांब, पायाच्या अंगठ्यात. टोकाला लागणारं सगळं तिथून पाठवावं लागतं. शुगर वर्षानुवर्षं चढी राहिली की तंतू आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक नळ्या खराब होतात, आणि सगळ्यांत लांबचं टोक आधी सुकतं. म्हणून बोटं आधी, मग चवडा, मग घोटा, पायमोजा चढत जावा तसं. पण जखमी तार एकदम गप्प होत नाही. दाराच्या बेलची वायर शॉर्ट झाली की दारात कुणी नसताना ती वाजते, आणि खरंच कुणी बटण दाबलं तर वाजत नाही. दोन्ही एकाच बिघाडाने.

आईची रात्रीची आग ही ती वाजणारी बेल. तिने पायाबद्दल काही सिद्ध होत नाही.

प्रश्न विचारणाऱ्या मुलीने उत्तर स्वतःच्या अक्षरात पहिल्या पानावर लिहिलं. आईला संध्याकाळी हे सांगितलं तेव्हा तिला नवल वाटलं नाही. म्हणाली, "मला माहीत होतं, ती आग बाहेरची नाही."

२० जुलै

जाळी विणणाऱ्या आजोबांकडे गेलो. पन्नास वर्षं तंगूस आणि सुतळी हाताळून बोटांची टोकं चामड्यासारखी झालेली. आकड्याची दोन टोकं त्यांना ४ मिलिमीटरच्या आत वेगळी कळेनात, ०.२० चा धागा तर कळलाच नाही. मुलं माझ्याकडे बघायला लागली. मग आजोबांनी जाळं मांडीवर ओढलं, आमच्याशी बोलत बोलत, न बघता, बोटं सरकवत गेले, आणि एका जागी थांबले. गाठ सैल होती. आम्ही डोळे लावून बघितली तेव्हा दिसली.

स्थिर टेकवलेलं टोक आणि सरकणारं बोट, यांची गोष्ट वेगळी. तळहातात सुमारे १७,००० स्पर्शतंतू आहेत, चार जातींचे. मर्केल दाब आणि कडा धरून ठेवतात. माइसनर हलकी फडफड आणि घसरण टिपतात. रुफिनी कातडी ताणली की बोलतात. आणि खोलवर पाचिनी, कांद्यासारख्या पापुद्र्यांचे, कधी कधी मिलिमीटरएवढे मोठे, सेकंदाला २००-३०० कंपनांना सगळ्यांत तल्लख. बोट गाठीवरून सरकलं की कंपन उठतं, आणि ते जाड कातडीतूनही खाली पोचतं. आजोबांची वरची कातडी जाड झाली आहे, आतल्या तारा शाबूत आहेत. आईच्या पायाची कातडी मऊ आहे, तारा सुकल्या आहेत. बाहेरून बघणारा नेमका उलटा अंदाज करेल.

२९ जुलै

आईला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आमचा तंगूस बघितला, काट्यावरचे आकडे वाचले, आणि मग स्वतःचा धागा काढून सगळं पुन्हा तपासलं. उजवा दोन, डावा एक. जुळलं. १२८ कंपनांचा नादकाटा अंगठ्याच्या हाडावर ठेवला, आईला कळला नाही. घोट्याच्या हाडावर कळला. तिची गोळी मेटफॉर्मिन, अनेक वर्षं घेतली की तिने बी-१२ कमी होऊ शकतं आणि तेही तंतूंना मारक, म्हणून ती तपासणी लिहून दिली.

मुलांसाठी निरोप दिला : तुमच्या धाग्याने एवढंच सांगा, की याने डॉक्टरकडे जायला हवं. "तुमचे पाय ठीक आहेत" असं कुणालाही सांगू नका. हे वाक्य तक्त्यावर सगळ्यांत वर लिहायचं ठरलं.

घरी आता पिशवी बंद. आंघोळीचं पाणी मी बघते. चप्पल घालण्याआधी उलटी करून झटकायची, घरातसुद्धा अनवाणी नाही. रात्री तळपाय बघायचे. हे शेवटचं काशाच्या वाटीमुळे सोपं झालं. आईला वाटी घासून घ्यायला लहानपणापासून आवडतं. मी जोर न लावता, थोडं तूप घेऊन घासते, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवते, आणि दिव्याखाली दोन्ही तळवे रोज डोळ्यांखालून जातात. तिला वाटी अर्धवटच कळते. माझा हात पोटरीवर आला की पूर्ण कळतो, तेव्हा ती डोळे मिटते.

२४ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा झाली, होड्या लागल्या. संध्याकाळच्या लिलावाला मुलांना घेऊन बंदरावर. बर्फात हात घालून मासळी लावणाऱ्या एका मावशींनी वेळ दिला. बर्फाआधी ०.३० चा धागा त्यांना बोटावर सातपैकी सात वेळा कळला. दोन मिनिटं बर्फात हात ठेवल्यावर सातपैकी एकदा. गारठलेल्या तंतूंतून बातमी आधी मंद होते, मग थांबते. हात फडक्यात गुंडाळून बसल्यावर हळूहळू परत आलं.

त्या म्हणाल्या, "बर्फात असताना शिंगाळ्याचा काटा घुसला तरी समजत नाही गो. घरी जाऊन चुलीपाशी बसलं, की मग ठणका लागतो."

शेवटच्या बाकावरची ती मुलगी हळूच म्हणाली, "आजींचा पाय घरी जातच नाही, ना बाई?"

मी तिला जवळ घेतलं. हे वाक्य तक्त्यावर जाणार नाही, वहीत राहील.

३१ ऑगस्ट

तक्ते पूर्ण. सहा धागे तांदळाच्या डब्यात, आजचे आकडे : १०.२, १०.०, १०.१, ९.८, १०.३, १०.०.

संध्याकाळी घरी आले तर आई ओटीवर, समोर शेजारच्या मावशी पाय लांब करून बसलेल्या. त्यांनाही नऊ वर्षांची शुगर आहे. आईच्या हातात आमचं पेन. बांगड्या काढून बाजूला ठेवलेल्या.

"अगं, माझी तर रात्री आग होते," मावशी म्हणत होत्या. "मला सगळं कळतं."

"हो, हो," आई म्हणाली. "डोळे मीट. आत्ता? की आत्ता?"